मजुरी करणारी आई, तिची मुले आणि हिंसा

नाशिक जिल्ह्यातील देवळा हा कसमादे पट्ट्यातला, कांद्याचा तालुका. लागवड, निंदणी, काढणी ही कामे बहुतांशी रोजंदारीवरच्या बाया करतात. तान्हे मूल सोबत आणलेले असते, बांधावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत. आईला दमदाटी झाली, मार बसला, तर घरी असो वा शेतात, मूल ते पाहत असते.

कमावती बाई सुरक्षित असते, असा समज आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (2019-21) वेगळे सांगते. देशात 18 ते 49 वयाच्या विवाहित महिलांपैकी सुमारे 29 टक्के महिलांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली होती, आणि पैसे कमावणाऱ्या महिलांत हिंसेचे प्रमाण काम न करणाऱ्यांपेक्षा जास्त होते. मजुरीमुळेच मार बसतो असे यावरून ठरत नाही. गरिबीमुळे बाई कामाला जाते आणि घरातला ताणही वाढतो. पण आठवड्याची मजुरी कोणाच्या हाती द्यायची, यावरून भांडण पेटते हे गावात कोणालाही ठाऊक असते. हिंसा सोसलेल्यांपैकी जेमतेम 14 टक्के महिलांनी कुणाकडे मदत मागितली. वडील आईला मारत, हे पाहिलेल्या मुलींच्या वाट्याला पुढे नवऱ्याची मारहाण जास्त आली, हेही त्याच पाहणीत दिसते.

कायदा काय देतो?

2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा फक्त मारहाणीपुरता नाही. हक्काचा पैसा हिरावणे ही त्यात आर्थिक हिंसा आहे. घर नवऱ्याच्या नावावर असले तरी बाईला तिथे राहण्याचा हक्क आहे, आणि मुलांचा तात्पुरता ताबाही न्यायालय देऊ शकते. संरक्षण अधिकाऱ्याला शेजारीणही कळवू शकते. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर कारवाई होत नाही.

मुकादम किंवा शेतमालकाकडून लैंगिक छळ झाला, तर 2013 चा कायदा लागू होतो. दहापेक्षा कमी मजूर असलेल्या जागेसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तक्रारीसाठी दरवेळी नाशिक गाठावे लागू नये म्हणून तालुक्यात समन्वय अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. त्याने ती सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. मुदत घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असल्यास आणखी तीन.

वकिलाचा खर्च ही मोठी धास्ती. महिलांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. तातडीच्या मदतीसाठी महिलांना 181, मुलांना 1098, पोलिसांसाठी 112.