आगीसमोर सोलर पॅनेल ठेवलं तर? टीपीव्ही सेल म्हणजे काय

सोलर पॅनेल उन्हावर चालतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण सूर्याऐवजी समोर धगधगती भट्टी ठेवली तर? या तंत्राला थर्मोफोटोव्होल्टाइक, थोडक्यात टीपीव्ही, म्हणतात.

आमच्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. शेतीपंपाची वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. उसात बिबट्या असताना अंधारात दारं धरायला जायचं म्हणजे जीव मुठीत घेऊनच. आणि त्याच उसाचं चिपाड गुऱ्हाळाच्या चुलवाणात जळत असतं, त्यातली कितीतरी धग वाया जाते.

हे चालतं कसं? सिलिकॉन कार्बाइडसारखा उष्णता सोसणारा तुकडा आगीत तापवायचा. तो तापला की त्यातून इन्फ्रारेड किरण निघतात. समोरचा सेल त्या किरणांची थेट वीज करतो. वाफ नाही, टर्बाइन नाही, फिरणारा एकही भाग नाही. कल्पना जुनी आहे. १९५६ साली अमेरिकेत एमआयटीच्या लिंकन लॅबमध्ये हेन्री कोल्म यांनी कंदिलाच्या मेंटलसमोर सिलिकॉन सेल ठेवून वीज मिळवली होती. मेंटल म्हणजे काय ते आजोबांना विचारा, वरातीतली गॅसबत्ती त्यांना नक्की आठवेल.

आता आकडे बघू, खरी गंमत तिथेच आहे. कडक उन्हात एका चौरस सेंटीमीटरवर जेमतेम ०.१ वॅट ऊर्जा पडते. १२०० अंश सेल्सियसला तापलेला काळा पृष्ठभाग तेवढ्याच जागेतून सुमारे २७ वॅट फेकतो! पण त्यातली बहुतेक ऊर्जा लांब तरंगलांबीची असते. नेहमीच्या सिलिकॉन सेलला तिच्यातली सुमारे २ टक्केच वापरता येते. म्हणून टीपीव्हीत गॅलियम अँटिमोनाइडसारखे सेल वापरतात. त्यांच्या कामाचा वाटा १६ टक्क्यांच्या आसपास जातो. आच ८०० अंशांवर उतरली की तोच वाटा ४ टक्क्यांवर घसरतो. घरच्या चुलीचं गणित इथेच फसतं.

मग उरलेले किरण? सेलच्या मागे सोन्याचा पातळ थर आरशासारखा देतात. न वापरलेले किरण परत तापलेल्या तुकड्याकडे जातात आणि त्यालाच गरम ठेवतात. मला ही युक्ती सगळ्यात भारी वाटते. तिच्याच जोरावर एमआयटी आणि एनआरईएलच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ४० टक्क्यांपर्यंत मजल मारली, आणि मिशिगन विद्यापीठाने २०२४ मध्ये १४३५ अंशांना ४४ टक्के गाठले.

पण हे आकडे फक्त सेलचे आहेत हं. एमआयटीच्या प्रयोगात तापमान १९०० ते २४०० अंश होतं आणि ते विजेने तापवलं होतं, लाकूड-चिपाडाने नाही. खऱ्या आगीत बरीच उष्णता धुराड्यातून निघून जाते, सेल थंड ठेवायला पाणी किंवा पंखा लागतो, काजळी धरते ती वेगळीच. ज्वलनावरच्या छोट्या प्रयोगांत इंधनापासून विजेपर्यंतची कार्यक्षमता बहुधा एक आकडीच राहते.

आपल्याकडचे विघ्नहर आणि भीमाशंकर साखर कारखाने बगॅस जाळून वाफेवर वीज करतात. एवढ्या मोठ्या प्रमाणावर तीच पद्धत आज परवडते. ५ एचपीच्या पंपाला साधारण पावणेचार किलोवॅट लागतात, तेवढा टीपीव्ही संच बांधावर येईल असं मला तरी इतक्यात दिसत नाही. दिवसा वीज हवी तर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसारखे सौर प्रकल्पच जवळचे.

आणि चुलीवर मोबाइल चार्ज होतो असे व्हिडिओ दिसतात, ते खोटेच असतात असं नाही. फक्त तो बहुतेक वेळा टीपीव्ही नसतो, थर्मोइलेक्ट्रिक असतो: पट्टीची एक बाजू गरम, दुसरी थंड, त्या फरकातून वीज. बायोलाइटचा कॅम्पस्टोव्ह २ असाच चालतो आणि ३ वॅट देतो. साधा चार्जरसुद्धा ५ ते १० वॅटचा असतो, तेव्हा फोन भरायला किती लाकूड जाळावं लागेल ते बघूनच ऑर्डर करा.