वऱ्हाडच्या नद्यांतला खरपा

खरपा ज्या गोबी कुळातला, त्यातले बहुतेक मासे समुद्राचे. खरपाही आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिक बेटांपर्यंतच्या खाड्यांत आढळतो, आणि किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, अमरावती-अकोल्याच्या गोड्या पाण्यातही. वऱ्हाडचे पाणी दोन समुद्रांना जाते: पूर्णा तापीला मिळून अरबी समुद्राकडे, तर वर्धा प्राणहिता-गोदावरीवाटे बंगालच्या उपसागराकडे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचे पाणी खारट लागते, म्हणून या माशाचा संबंध त्या खारेपणाशी जोडण्याचा मोह होतो. पण खरपा नदीत राहतो, विहिरीत नाही. आणि खारे-गोडे त्याला दोन्ही चालते.

डोके चपटे, खालचा जबडा पुढे आलेला, अंग वाळूच्या रंगाचे आणि कुशीवर काळपट डागांची ओळ. पोटाखालचे दोन पर जुळून वाटीसारखे झालेले असतात. त्यांवर तो तळाला टेकून राहतो. लहान मासे, झिंगे, किड्यांच्या अळ्या जवळ आल्या की झडप घालतो, प्रसंगी स्वतःच्या जातीची पिल्लेही सोडत नाही.

फ्रान्सिस बुकानन-हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याची नोंद केली. पुढे कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन करताना त्यालाच नवी जात समजून ‘गोबियस कुर्पा’ म्हटले; मराठी नाव असे लॅटिन यादीत शिरले. हॅमिल्टन यांचे नाव आधीचे, म्हणून शास्त्रात तेच टिकले. साइक्स यांची पाहणी मुंबई सरकारच्या मुलखापुरती होती आणि वऱ्हाड तेव्हा निजामाकडे, त्यामुळे इथला खरपा त्या कागदांत आला नाही.

इथे तो ओळखीचा होता तो भोयांच्या. पालखी-मेणे वाहणे, पाणी भरणे आणि मासे धरणे ही त्यांची जुनी कामे. नदी आटली की वाळूत डांगरवाडी. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे आले आणि 1867 पर्यंत अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे धावू लागली. कापसाला गाडी मिळाली, मेण्याला गिऱ्हाईक उरले नाही. खांद्यावरचे काम सुटल्यावर जाळ्याचे महत्त्व साहजिकच वाढले. मोठा मासा बाजारात जाई; खरप्यासारखे बारीक मासे बहुधा घरच्या कालवणात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काटेपूर्णा, ऊर्ध्व वर्धा अशी धरणे झाली आणि मासेमारी सहकारी संस्थांच्या ठेक्यांवर आली. जलाशयांत रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडले जाऊ लागले. ते बीज खाणारा म्हणून मत्स्यशेतीत खरपा नकोसा ठरतो. बीज सोडण्यापूर्वी तळ्यातून काढून टाकायच्या माशांत त्याची गणना होते. खाली तापीवर 1972 मध्ये उकाई धरण पूर्ण झाल्यावर पूर्णेतून समुद्राकडची वाट अडली. मात्र खरपा गोड्या पाण्यातही प्रजनन करतो. मादी दगडाच्या आडोशाला अंडी चिकटवते आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत नर तिथे राखण करतो.