ठासणीची बंदूक

आपल्या अर्जुनी मोरगावच्या बाजूला जिला भरमार म्हणतात आणि देशावर जिला ठासणीची बंदूक म्हणतात, तिचे नाव निघताच सभेतली वडीलधारी मंडळी सावरून बसतात. नेमबाजीत तिचा लौकिक फारसा नाही, पावसात तर ती केवळ लाकडाचा सोटा. मग ही ओढ कशाची?

तिचे पोट कशाने भरे ते पाहा. शंभर भाग दारूत पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक. गोठ्याच्या जुन्या भिंतीवर पांढरे फूल येते, ती माती भिजवून, गाळून, आटवून सोरा काढीत. कोळसा तुराट्यांचासुद्धा चाले. गंधक तेवढा बाजारातून आणावा लागे. नळीत दारू ओतायची, वर गोळी व बोळा, गजाने ठासायचे. कानाशी चिमूटभर रंजक आणि जळता तोडा. तोड्याच्या जागी गारेचा चाप आला, पुढे तांब्याची टोपी आली. ठासणे मात्र राहिलेच. लांब नळीची देशी तोड्याची बंदूक कंपनीच्या शिपायाच्या बंदुकीपेक्षा पुष्कळदा लांब मारी. पण ती भरायला वेळ फार लागे, आणि कवायती पलटणीपुढे तोच वेळ भोवत असे.

आपला हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेबांच्या फौजेची कंपनीच्या पलटणींशी जुंपली. दुसऱ्या दिवशी सकाळी भोसल्यांच्या पदरच्या अरबांनी लहान टेकडी घेतली. हे अरब मोठे हिमतीचे लोक. पण त्यांच्यातच दारूचा एक गाडा उडाला, गोंधळ झाला, आणि त्या संधीला इंग्रजांनी टेकडी परत घेतली. केवळ या ठिणगीने राज्य गेले असे मी म्हणणार नाही. फिट्झजेराल्डच्या घोडदळाचा हल्लाही तितकाच कारण झाला. तरी दारूला आपपर कळत नाही, हे त्या सकाळी नागपूरने पाहिले.

धूर आणि आवाज यांत या हत्याराचा निम्मा धाक होता. १८८४ त फ्रान्समध्ये पॉल व्हिएलने धूर न होणारी दारू केली आणि लष्करातून काळ्या दारूचे दिवस भरले. खेड्यात ती उरली ती रानडुकरांपासून शेत राखायला, शिकारीला आणि लग्नाच्या बारासाठी.

तिचे खरे मोल माझ्या मते निराळेच आहे. लोहाराने नळी दुरुस्त करावी, घरी दारू कांडावी, असे हे शेवटचे बंदुकीचे हत्यार. काडतूस कारखान्यातूनच यायचे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने बंदूक बाळगायला परवाना लागू लागला; गोऱ्यांना त्यातून सूट होती. ती सूट चाळीसएक वर्षे टिकली, आणि तेवढ्या काळात गावोगावच्या कितीतरी नळ्या आढ्याला टांगल्या जागीच गंजून गेल्या.