विमानाच्या बेडूकउड्या

एकट्याने उड्डाण करणाऱ्या विद्यार्थी वैमानिकाची खरी परीक्षा आकाशात नव्हे, तर धावपट्टीपासून दहा-पंधरा फुटांवर होते. सेस्ना १५२ हे दोन आसनांचे विमान १९७७ ते १९८५ या काळात तयार झाले आणि जगभरच्या हजारो वैमानिकांनी त्यावर धडे गिरवले. पूर्ण फ्लॅप्स लावून ते ५५ ते ६५ नॉट वेगाने उतरवावे, अशी सूचना आहे. धावपट्टीजवळ येताच नाक हलकेच वर उचलून वेग मारायचा, आधी मागची दोन चाके टेकवायची आणि मग नाकाखालचे चाक, हा क्रम. वाचायला सोपा!

वेग अधिक असला, तर पंखांतील उचल शिल्लक राहते. अशा वेळी विमान बळेच खाली दाबले, की पुढचे चाक आधी आपटते आणि विमान पुन्हा उसळते. घाबरलेला विद्यार्थी दांडी पुढे लोटतो. मात्र त्याची ही प्रतिक्रिया क्षणभर उशिराची असते. तोवर विमान आपणहून खाली येऊ लागलेले असते. परिणामी दुसरा आघात पहिल्याहून जबर, तिसरा त्याहून. पोरपॉइज या जलचराच्या पाण्यातील उड्यांवरून या प्रकाराला 'पॉरपॉइजिंग' म्हणतात. दोन-तीन उसळ्यांतच पुढच्या चाकाचा दांडा मोडतो आणि पंखा जमिनीला घासतो. वैमानिक बहुधा सुखरूप बाहेर पडतो. विमानाचे तसे नसते. पंखा फिरता असताना अडला, की धक्का थेट इंजिनाला बसतो. त्यामुळे ते वरून धडधाकट दिसले, तरी उघडून तपासावेच लागते.

यात आणखी एक गोम आहे. कमाल ७५७ किलो वजनाच्या या विमानातून प्रशिक्षक उतरला, की जवळपास दहावा हिस्सा भार कमी होतो. मग विमान धावपट्टीवर नेहमीपेक्षा अधिक तरंगत राहते. ज्याला सोबतीची सवय, त्याला ते परके वाटते, तेही नेमके पहिल्या एकल उड्डाणात.

उपाय एकच आणि तो पहिल्या मोठ्या उसळीलाच करायचा: नाक नेहमीच्या स्थितीत धरून इंजिनाला पूर्ण शक्ती द्यायची, पुन्हा वर जायचे आणि फेरी मारून नव्याने उतरायचे. भारतात व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. फेरी मारण्यात खर्च होणारी पाच-सात मिनिटे त्या हिशेबात वाया जात नाहीत. तीही वहीत जमाच होतात.