उंदीर पडतात तेव्हा

जुलैतल्या एका रात्री स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तिळाला ठेवलं, तर आकडा आला ९४ ग्रॅम. आदल्या दिवशी १०१ होता. सात ग्रॅम म्हणजे आपल्याला चिमूटभर, पण त्याच्या हिशोबात बघा: साठ किलोच्या माणसाचं एका रात्रीत चार किलो वजन उतरावं, तसं ते होतं.

तीळ म्हणजे आमचा पाळीव उंदीर. पांढराशुभ्र, डाव्या कानामागे काळा ठिपका, वय सुमारे सहा आठवडे. कॉलेजातल्या एका मित्राने हौसेने आणला, त्याच्या घरमालकाने तंबी दिली, आणि बुटाच्या खोक्यात बसून स्वारी आमच्याकडे आली. आमच्याकडे म्हणजे कुर्ला पश्चिमेला, बैलबाजारात, चाळीतल्या एका खोलीत. मिठी नदी इथून लांब नाही. खरे उंदीर तर त्याहूनही जवळ आहेत. त्यामुळे विकतचा उंदीर घरात आणणं हा चाळीत आठवडाभर चेष्टेचा विषय होता.

मग तीळ शिंकू लागला. अंगावरचे केस पिंजारलेले, पाठ वाकलेली. कानाजवळ धरला की श्वासाबरोबर बारीक टिकटिक ऐकू यायची. नाकाभोवती आणि डोळ्यांच्या कडेला लालसर काहीतरी साचलं होतं. मला ते रक्त वाटलं.

आईने लांबूनच पाहिलं. म्हणाली, "बाहेर ठेव त्याला. आजारी उंदीर घरात ठेवत नाहीत." थोडा वेळ थांबून पुढे म्हणाली, "आमची आजी सांगायची, उंदीर पडले की घर सोडायचं."

पडले. मेले नाही, पडले. पान पडतं, पाऊस पडतो, तसे उंदीर पडतात. आढ्यातून खाली, भर दिवसा, माणसांसमोर. आईची आजी साताऱ्याकडची. तिच्या लहानपणी घरात उंदीर पडला की गाव घराला कुलूप लावून माळावर झोपड्या बांधून राहायला जायचं. प्लेग ओसरला की परत. हा शहाणपणा कुठल्या डॉक्टरने शिकवलेला नव्हता. लोकांनी तो बघून बघून कमावला होता.

त्या रात्री तिळाच्या खोक्याखाली गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली आणि मोबाइलवर प्लेगचा इतिहास वाचत बसलो. झोप येणार नव्हतीच.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी तापाने फणफणलेला, गाठ आलेला रुग्ण तपासला आणि हा प्लेग आहे असं निदान केलं. मांडवी म्हणजे बंदराजवळची वस्ती, धान्याच्या वखारींची. वखारींमध्ये उंदीर मरत होते. कुर्ला तेव्हा मुंबईत नव्हतंच, ते ठाणे जिल्ह्यातलं गाव. पण रेल्वे इथूनच जात होती, आणि शहर सोडून पळणाऱ्या लोकांनी भरलेल्या गाड्याही इथूनच गेल्या असणार.

सरकार घाबरलं आणि कामाला लागलं. गटारं धुतली, कार्बोलिक शिंपडलं, घरात ऊन यावं म्हणून छपरावरची कौलं काढली. राहायला नालायक ठरवलेल्या घरांवर तशी अक्षरं रंगवली. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. कोविडमध्ये आपण ज्याचं नाव ऐकलं, तोच हा. सरकारचा रोख होता घाणीवर, दमट हवेवर आणि गरिबांच्या अंगावर. लोक मेलेल्या उंदराकडे बोट दाखवत होते, पण उंदराला नेमकं काय होतंय हे निरखून पाहणारे फार थोडे होते.

त्यातला एक होता पॉल-लुई सिमाँ, फ्रेंच डॉक्टर. साथीच्या काळात तो मुंबईतही राहून गेला होता. त्याच्या एक गोष्ट लक्षात आली: नुकताच मेलेला उंदीर हाताळणारी माणसं आजारी पडतात, पण मरून बराच वेळ झालेला उंदीर तेवढा धोकादायक नसतो. असं का? जून १८९८ मध्ये, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीत, त्याने एक आजारी उंदीर मोठ्या काचेच्या भांड्यात ठेवला. त्याच्या अंगावर पिसवा होत्या. जवळच जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर, दोघांचा एकमेकांना स्पर्श होणार नाही असा. आजारी उंदीर मेला. काही दिवसांनी दुसराही प्लेगने गेला. मधलं अंतर पिसवांनी पार केलं होतं. अंग गार पडलं की पिसू ते सोडते आणि दुसरं ऊबदार अंग शोधते.

सिमाँचं म्हणणं तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. ते पक्कं व्हायला मुंबईतलं परळ यावं लागलं. त्याकडे येतोच, कारण दुसऱ्या दिवशी मलाही परळलाच जावं लागलं.

आमच्या आसपासच्या दोन दवाखान्यांत "आम्ही कुत्री-मांजरंच बघतो" हे उत्तर मिळालं. एका ठिकाणी कंपाउंडर हसला, "उंदराला औषध? आमच्याकडे उंदराचं औषध आहे, पण ते वेगळं." शेवटी परळच्या एका डॉक्टरबाईंचं नाव कळलं. खोकं छातीशी धरून कुर्ल्याहून धीमी लोकल पकडली. शीव, माटुंगा, दादर, परळ. समोरच्या काकूंनी विचारलं, "काय आहे रे आत?" मी म्हणालो, "ससा."

परळला इतिहास असा एकमेकांना खेटून उभा आहे. जनावरांवर उपचार कसे करायचे हे शिकवणारं पशुवैद्यकीय महाविद्यालय इथे १८८६ मध्ये, म्हणजे प्लेगच्या दहा वर्षं आधी सुरू झालं. आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर हाफकिन संस्था. वाल्देमार हाफकिन १८९६ मध्ये मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. तिला हाफकिन हे नाव मिळालं १९२५ मध्ये.

१९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने याच आवारात काम केलं. लहान झोपड्या बांधल्या, त्यात गिनीपिग ठेवले. पिसवा असल्या की आजार पसरायचा. पिसवा नसल्या की आजारी आणि निरोगी जनावरं एकत्र राहिली तरी पसरायचा नाही. शहराच्या गल्लीगल्लीतून मेलेले उंदीर इथे यायचे. प्रत्येकाची चिरफाड, प्रत्येकाची नोंद. त्या नोंदींतून साथीचा क्रम कळला: आधी गटारातले उंदीर मरतात, साधारण दहा दिवसांनी घरातले, आणि त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत माणसं.

म्हणजे प्लेग हा मुळात उंदरांचाच आजार. आपण त्या रांगेत मागे उभे. 'उंदरांनी प्लेग आणला' असं आपण म्हणतो, पण घरात तो आला तेव्हा पहिला रुग्ण उंदीरच होता. आईच्या आजीच्या गावाने हे ओळखलं होतं, परळने ते सिद्ध केलं. त्यातून असंख्य माणसं वाचली आणि ते योग्यच झालं. त्या साथीने वीसेक वर्षांत हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं नेली, अशा वेळी उंदराची विचारपूस कोण करणार? आजारी उंदराकडे या शहराने खूप निरखून पाहिलं, पण पाहिलं ते आपलं काय होणार हे कळावं म्हणून.

डॉक्टरबाईंनी तिळाला हातात घेतलं, छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. नाकाभोवतीचं लाल ते रक्त नव्हतं. उंदराच्या डोळ्यामागच्या ग्रंथीतून लालसर स्राव येतो. त्रास वाढला की तो साचतो. आजार फुप्फुसांचा, मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा. पाळीव उंदरांत हा घरोघरी. अनेकदा पिल्लू तो आईकडूनच घेऊन जन्मतं, आणि घर बदललं, थंडी लागली, खोक्यातल्या लघवीचा वास साचला, की उसळतो. "हा उंदरांचा आजार आहे, तुम्हाला व्हायचा नाही," त्या म्हणाल्या, "पण हात साबणाने धुवायचे, आणि पापे घ्यायचे नाहीत." मग चिठ्ठीवर औषध लिहिलं, वजनाच्या हिशोबाने थेंब काढून. नाव होतं डॉक्सिसायक्लिन.

घरी आईने चिठ्ठी वाचली आणि तिचा चेहरा बदलला. "ही तर डॉक्सी."

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी आमच्या गल्लीत शिरली. मी तेव्हा पाच वर्षांचा. मला आठवतं ते फक्त माळ्यावर बसून खाल्लेली कोरडी बिस्किटं. काका दोन दिवस घरातला चिखल उपसत होता, टाचेला काचेने कापलेलं. नंतर वस्तीत गोळ्या वाटल्या गेल्या. काकाने एक घेतली, मळमळलं, बाकीच्या फळीवर ठेवून दिल्या. दहा-बारा दिवसांनी ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे पिवळे झाले. लेप्टोस्पायरोसिस. ऑगस्टमध्ये काका गेला. त्या गोळ्या फळीवर तशाच होत्या, हे आई आजही सांगते.

लेप्टोचा जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतो आणि लघवीतून पाण्यात उतरतो. उंदराला मात्र त्याचं बहुधा काही होत नाही. प्लेगमध्ये निदान उंदीर पडतो, इशारा मिळतो. लेप्टोत उंदीर पडतच नाही. आईला दोन्ही भीत्या वारशाने मिळालेल्या, एक आजीकडून ऐकलेली आणि एक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली. मी तिला मागासलेली वगैरे समजत होतो. त्या संध्याकाळी लाज वाटली.

पण तेच औषध. प्लेगवर चालतं, लेप्टोवर चालतं, तिळाच्या फुप्फुसावरही चालतं. या घराण्यातलं पहिलं औषध, ऑरिओमायसिन, १९४८ मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीतून आलं. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्याकडच्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. १९९४ मध्ये बीडच्या मामला गावात आणि मग सुरतेत प्लेगची बातमी आली, तेव्हा लोक औषधांच्या दुकानांसमोर याच घराण्यातल्या टेट्रासायक्लिनसाठी रांगा लावून उभे होते.

औषध मिळालं, पण ते पाजायचं कसं? तीळ हातातून निसटत होता. मदतीला आले शेजारचे मामा. मामा महापालिकेचे रात्रीचे उंदीर मारणारे. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. रात्री तीस उंदीर मारायचे, पहाटे मोजून द्यायचे. तीस भरले नाहीत तर मजुरीवर पाणी. त्यांनी तिळाला एका हातात असा अलगद धरला की तो गप्प झाला. "छाती दाबायची नाही. तो छातीनेच जगतो. नुसता आधार द्यायचा." मी सिरिंजने थेंब सोडला. तिळाने चाटला, तोंड वाकडं केलं.

"मामा, तुम्हाला काही वाटत नाही?" मी विचारलं.

"काय वाटायचंय? बाप्पाच्या पायाशी बसतो तेव्हा आपण त्याच्यापुढे मोदक ठेवतो ना? मग गटारात भेटला की काठी. तू याला वाचव. माझा आकडा याच्यावाचून भरतो." आणि ते कामावर गेले.

औषध तीन आठवडे चाललं. दर बारा तासांनी थेंब. वरणभाताची मऊ पेज, शिजवलेलं अंडं. लाकडाचा भुसा काढून टाकला, त्याजागी सुती फडकी, रोज धुतलेली. चौथ्या दिवशी वजन ८९ वर गेलं, त्या रात्री मी खोक्याशेजारीच झोपलो. नवव्या दिवशी ९३. तेराव्या दिवशी त्याने माझ्या बोटावरची पेज चाटून संपवली आणि वर बोटच चावलं.

तो पूर्ण बरा होणार नाही. हा जंतू अंगातून जात नाही, दबून राहतो; पावसाळ्यात ती टिकटिक पुन्हा येईल, असं डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलंय. उंदराचं आयुष्य तसंही दोन-तीन वर्षांचं. एकट्याला करमत नाही म्हणून जोडीदार आणायला हवा, हे अजून आईला सांगितलेलं नाही.

आई त्याला अजूनही हात लावत नाही. पण परवा दुधाचा हिशोब बघायला भिंतीवरचं कालनिर्णय उलटलं, तर तारखांच्या चौकोनांत दुधाच्या आकड्यांखाली आणखी एक आकडा दिसला, तिच्या अक्षरात. ९३. ९६. ९९. १०४. मी रात्री काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचायचो, ती भांडी घासताना ऐकत असणार.

या शहरात उंदीर मोजायची पद्धत जुनीच आहे. परळमध्ये चिरून मोजले, आमचे मामा रोज पहाटे तीस मोजून देतात. आमच्या भिंतीवरचा आकडा मात्र वाढावा म्हणून लिहिलेला आहे.

काल मामा कामावर निघताना दारात थांबले. "किती झालं?"

मी तोंड उघडायच्या आत आतून आई म्हणाली, "एकशे अकरा."