देण्याचे फूल आणि खाण्याचे फूल

फेब्रुवारीची १४ तारीख आता विरारसारख्या गावालाही चांगलीच ठाऊक झाली आहे. हॉटेलांवर दोघांच्या जेवणाचे फलक लागतात, केकवाल्याकडे गर्दी होते, आणि एरवी हारात गुंफला जाणारा गुलाब त्या दिवशी एकेकटा विकला जातो. या दिवसाची कुळकथा थोडक्यात अशी. व्हॅलेंटाइन हा तिसऱ्या शतकातला रोमचा एक ख्रिस्ती हुतात्मा. त्याच्या दिवसाशी प्रेमिकांचा संबंध जोडला गेला तो मात्र पुढे हजारएक वर्षांनी, इंग्लंडात चॉसर कवीच्या काळी. म्हणजे सण जुना, पण त्याचा अर्थ मागाहून आलेला. सणांचे असे होतेच. त्यात रागावण्यासारखे काही नाही.

परंतु मंडळी, याच दिवसांत आपल्या बाजूला दुसऱ्या एका फुलाचा हंगाम तोंडावर आलेला असतो. आमच्या फुलपाड्याच्या नावातच फूल आहे. पण मी सांगतो ते फूल बागेतले नव्हे, रानातले. वसईपासून जव्हार-डहाणूपर्यंतच्या रानांत फेब्रुवारी सरता सरता मोहाची पाने गळू लागतात, आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस धरतात. चैत्रापर्यंत हा बहर चालतो. फूल रात्री गळते. म्हणून वारली, कातकरी, मल्हार कोळी यांच्या पाड्यांतल्या बायामुली उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. फिकट पिवळसर, रसाने भरलेले, बोराएवढे ते फूल. ते वेचायचे, उन्हात वाळवायचे आणि साठवायचे. वाळले की मनुकेसारखे दिसते.

या फुलात साखर भरपूर. धान्य संपलेल्या दिवसांत ते भाजून किंवा शिजवून खाल्ले जाई. गुराढोरांनाही घालत. पुढे त्याच झाडाच्या बियांचे तेल निघे. आणि अर्थात त्या फुलांची दारूही गाळली जाई. होळीला, लग्नाला, देवकार्याला ती लागे. खायचे, प्यायचे, विकायचे आणि देवाला दाखवायचे असे हे एकच फूल.

आता इतिहासाकडे वळू. किनाऱ्याच्या बाजूला, वसई-आगाशीच्या पट्ट्यात, माड, ताड आणि शिंदी या झाडांची ताडी-माडी काढण्याचा धंदा भंडारी लोकांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. १८७८ साली मुंबई सरकारने अबकारी कायदा केला. झाडांवरचा कर वाढत गेला, घरोघरची गाळप बंद करून मोठ्या मक्तेदारांच्या हाती धंदा देण्याचे धोरण आले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतल्या भंडाऱ्यांनी त्याला विरोध केला. पण सरकारचे मन काही वळले नाही.

ताडी महाग झाली, तेव्हा लोक मोहाकडे वळतील हे उघडच होते. त्याचाही बंदोबस्त झाला. १८९२ साली खास मोहफुलांसाठी कायदा आला आणि तो लागू झाला ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांना. आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला; तोवर वसईपासून तलासरीपर्यंतचा हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता, हे ध्यानात घ्या. त्या कायद्याने फुले बाळगणे, विकणे, नेणे-आणणे यांवर निर्बंध घातले. दारू गाळली तर गुन्हा, हे एकवेळ समजू शकते. येथे टोपलीभर फूलच संशयाचे झाले. ज्या बाईने ते भुकेच्या महिन्यांसाठी वाळवून ठेवले, तिलाही शिपायाची भीती.

उलट बाजू पाहा. त्याच काळात उरणला मोहाच्या दारूच्या मोठमोठ्या भट्ट्या चालत होत्या. त्यांना लागणारी फुले दूर पंचमहालाकडून येत. म्हणजे मोहाची दारू वाईट म्हणून बंद झाली असे मुळीच नाही. ज्या दारूवर सरकारला कर मिळे ती चालू राहिली. जी रानात फुकट मिळे, तिच्या फुलावर पहारा बसला.

येथे दारूचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. दारूने किती संसार धुळीला मिळवले, हे खेड्यातल्या शिक्षकाला मी सांगायला नको. पण दारूचा दोष फुलावर का घालावा? परवान्याच्या दुकानातली उधार दारू माणसाला सावकाराच्या दारात नेते. वाळवलेले फूल कोणाला कर्जबाजारी करीत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला, आणि त्यातही मोहफुलांवरचे नियंत्रण राहिले. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजावर रानात राहणाऱ्यांची मालकी मान्य केली, आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करणे, साठवणे, नेणे-आणणे यांवरचे निर्बंध उठवले. १८९२ ते २०२१. हिशेब करा, १२९ वर्षे झाली. एवढ्या काळात चार-पाच पिढ्या गेल्या. फूल चोरून वेचायचे असते, असेच त्यांतल्या कित्येकांनी लहानपणी शिकून घेतले. कायदा एका कागदाने जातो. मनातली चोरटेपणाची भावना इतक्या लवकर जात नाही. बाजारात मोहाचा लाडू मांडला, तर घेणारा अजून आधी हसतो आणि मग चव पाहतो.

म्हणून शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. येत्या हंगामात मुलांना सांगा, घरी आजीला विचारून या: मोहाचे काय काय करीत होता? कशात साठवीत होता? कोणाची भीती वाटे? उत्तरे वहीत लिहून घ्या, सांगणारीचे गाव आणि साल घाला. सरकारी दप्तरात कायद्याची कलमे आहेत, महसुलाचे आकडे आहेत. टोपली लपवणाऱ्या बाईची हकीकत तिथे सापडणार नाही. ती तिच्याच तोंडून ऐकावी लागेल, आणि ऐकायला आता फार वर्षे उरलेली नाहीत.

गुलाब ज्याला द्यायचा त्याने खुशाल द्यावा. पण त्याच आठवड्यात एखाद्या मोहाखाली जाऊन वर पाहा. कळ्या धरल्या असतील.