मारकुट्या वळूला शांत करणारी लस नेमकं काय करते?

एकाच कुरणात डझनभर तरणे वळू सोडले की झुंजी ठरलेल्याच. ते एकमेकांना शिंगं मारतात, एकमेकांवर चढतात, कुंपणं मोडतात. हाकणाऱ्या माणसाच्या जिवालाही धोका असतो. यावरचा जुना उपाय म्हणजे खच्चीकरण, म्हणजे वृषणं कापून काढणं किंवा बर्डिझो चिमट्याने त्यांच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या चिरडणं. यात जनावराला वेदना होतात आणि कापलेल्या जखमेत संसर्गाची भीती असते.

मांसासाठी गुरं पाळणाऱ्या ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्राझीलमध्ये याला एक पर्याय आला. तो म्हणजे ‘बोप्रिवा’ ही लस.

लस काम कशी करते?

मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग जीएनआरएच नावाचं हार्मोन सोडतो. त्याचा निरोप पिट्युटरी ग्रंथीला मिळतो, ती वृषणांना कामाला लावते आणि टेस्टोस्टेरॉन तयार होतं. जीएनआरएचच्या रचनेचा शोध 1971 मध्ये लागला. त्यावरच्या कामासाठी रॉजर गिलमिन आणि अँड्र्यू शॅली यांना 1977 मध्ये नोबेल मिळालं.

हे हार्मोन फक्त 10 अमिनो आम्लांचं, शिवाय शरीराचं स्वतःचं. त्यामुळे रोगप्रतिकारशक्ती त्याच्याकडे लक्ष देत नाही. लसीत त्याच्यासारखाच तुकडा एका मोठ्या परक्या प्रथिनाला जोडलेला असतो. शरीर त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं आणि त्या अँटिबॉडी खऱ्या जीएनआरएचलाही अडवतात. निरोप मधेच अडला की टेस्टोस्टेरॉन घटतं. त्यासोबत झुंजी आणि एकमेकांवर चढणंही कमी होतं.

हे हार्मोनचं इंजेक्शन आहे का?

नाही. लसीमुळे शरीरात हार्मोन वाढत नाही, उलट शरीराचंच हार्मोन अडवलं जातं. डुकरांसाठी याच तत्त्वावरची ‘इम्प्रोव्हॅक’ लस युरोपियन संघात 2009 पासून मंजूर आहे.

मर्यादा काय?

पहिला डोस शरीराला फक्त तयार करतो. खरा परिणाम काही आठवड्यांनी दिलेल्या दुसऱ्या डोसनंतर दिसतो आणि साधारण तीन-चार महिने टिकतो. नंतर अँटिबॉडी कमी होतात आणि टेस्टोस्टेरॉन पुन्हा वाढू लागतं. दुसरा डोस चुकला तर भरवसा नाही. प्रत्येक जनावराचा प्रतिसादही सारखा नसतो. त्यामुळे ‘लस दिली, आता वळू निर्धोक’ असं समजणं महागात पडू शकतं.

माणसासाठीही काळजी हवी. हेच हार्मोन माणसातही असतं. चुकून सुई स्वतःलाच टोचली, विशेषतः दुसऱ्यांदा, तर स्त्री-पुरुष दोघांच्याही प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो. म्हणून संरक्षक आवरण असलेली सिरिंज वापरतात आणि गर्भवतींना ही लस हाताळू देत नाहीत.

आपल्याकडच्या बैलांचं काय?

काही महिन्यांत मांसासाठी जाणाऱ्या वळूला तात्पुरता परिणाम पुरतो. महाराष्ट्रात मात्र 2015 पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आहे. इथे खोंडाचं खच्चीकरण होतं ते त्याला औताला जुंपण्यासाठी, आणि तो बैल पुढे वर्षानुवर्षं राबतो. त्याला दर काही महिन्यांनी डोस देत राहणं शेतकऱ्याला परवडणारं नाही. त्याच्यासाठी वेदना कमी करण्याचा जवळचा मार्ग वेगळा आहे: खच्चीकरण लहान वयात, भूल देऊन आणि पशुवैद्यकाच्या हातून करून घेणं.